रिस्टोर पॉइंट पुसायचेच, पण सगळ्यात शेवटी

वाचकाचं पत्र

ताई, नागपूरला महालात माझं झेरॉक्स अन् डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बायोडाटा, कोर्टाचं टायपिंग, असं काम चालते. काउंटरवरच्या विंडोज १० च्या कॉम्प्युटरवर महिनाभरापासून अँटीव्हायरस बोंबलून राहिला. व्हायरस सापडला म्हणते, काढता येत नाही म्हणते. जागा दाखवते ती कधी 'हार्डडिस्क व्हॉल्यूम शॅडो कॉपी' अशी काहीतरी, कधी सी ड्राइव्हमधलं 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन'. तो फोल्डर उघडायला गेलो तर 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. मधात एकदा साफ झालं होतं. मग कॉम्प्युटर हळू चालते म्हणून भाच्यानं रिस्टोर मारलं, अन् सगळं पुन्हा आलं. 'रिकव्हरी' नावाच्या डी ड्राइव्हवरही दाखवते, बॅकअपच्या बाहेरच्या हार्डडिस्कवरही दाखवते. कॉम्प्युटरवाला म्हणते फॉरमॅट मारून टाकू. व्हिडिओत एक जण म्हणते सगळ्यात आधी सिस्टीम रिस्टोर बंद करा. इतक्या वर्षांच्या पत्रिका त्यात आहेत. मागे एक जुना विंडोज ७ चा डबा आहे, मराठी टायपिंगच्या श्रीलिपीचं डोंगल त्यालाच लागते. काय करू?

उत्तर

भाऊ,

फॉरमॅट आत्ता मारू नका आणि सिस्टीम रिस्टोर, म्हणजे विंडोजला मागच्या तारखेच्या स्थितीत नेणारी सोय, तीही आत्ता बंद करू नका. व्हिडिओवाल्यानं सांगितलेला उपाय बरोबर आहे, पण तो त्यानं पहिल्या नंबरवर ठेवला आणि तो यायला हवा शेवटी. असं का, हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं काम तुम्ही दुकानात बसून, कोणाला पैसे न देता करू शकता.

आधी त्या बंद फोल्डरचं. तो उघडत नाही यात व्हायरसचा हात नाही. 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' हा विंडोजचा स्वतःचा कोठीघर-फोल्डर आहे, आणि आत जायची परवानगी फक्त 'सिस्टीम' नावाच्या अंतर्गत खात्याला असते. तुम्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असलात तरी तो दारातूनच परत पाठवतो. परवानग्या बदलून आत शिरायच्या युक्त्या तुम्हाला व्हिडिओंमध्ये सापडतील. त्या करू नका. तिथे रिस्टोरखेरीज विंडोजच्या इतर नोंदीही असतात आणि हातानं एखादी फाइल उडवली की अख्खी साखळी तुटते.

सिस्टीम रिस्टोर आलं विंडोज एमईबरोबर, २००० साली. एक्सपीच्या काळात ते सिस्टीमच्या फाइलींच्या सुट्या सुट्या प्रती नाव बदलून त्या फोल्डरात ठेवायचं. व्हिस्टापासून रीत बदलली. आता विंडोज त्या क्षणी ड्राइव्ह जसा आहे तसा गोठवल्यासारखा धरून ठेवतं, आणि पुढे ड्राइव्हवरच्या ज्या जागी नवीन काही लिहिलं जाईल तिथला जुना मजकूर आधी उचलून बाजूला ठेवतं. हीच शॅडो कॉपी, आणि असा धरून ठेवलेला एकेक क्षण म्हणजे एक रिस्टोर पॉइंट. ती फक्त वाचता येते, तिच्यात लिहिता किंवा खोडता येत नाही. म्हणून तुमच्या अँटीव्हायरसला आतली फाइल दिसते, ओळखूही येते, पण काढता येत नाही, आणि तो रोज तीच तक्रार करत राहतो. पत्रिका छापून आल्यावर वराच्या मामाचं नाव चुकलेलं दिसलं तर तुम्ही खोडरबर घेऊन बसत नाही, गठ्ठा रद्दीत घालून दुसरा छापता. इथेही आतली एक फाइल निवडून काढायची सोय नाही, पूर्ण रिस्टोर पॉइंटच काढावा लागतो.

दुसरी गोष्ट, आणि ही महत्त्वाची. शॅडो कॉपीत पडलेला व्हायरस तिथल्या तिथे काही करत नाही. तो चालत नाही, पसरत नाही, तुमचे पासवर्ड चोरत नाही. तो उठतो तो बहुतेक एकाच रस्त्यानं, त्या पॉइंटवर रिस्टोर मारल्यानं. तुमच्या भाच्यानं नेमकं तेच केलं. रिस्टोर झालं की विंडोजची रजिस्ट्री (सेटिंगांची नोंदवही) त्या तारखेची होते, म्हणजे 'कॉम्प्युटर सुरू झाला की हे चालव' अशी व्हायरसची नोंदही परत येते, आणि प्रोग्रॅमच्या फाइलीही परत येतात. तुमच्या पत्रिका मात्र रिस्टोरनं ना जातात ना येतात, कारण सिस्टीम रिस्टोर कागदपत्रांना, फोटोंना हात लावत नाही. भाच्याला रागवू नका, पण कॉम्प्युटर हळू चालतो यावर रिस्टोर हे औषध नाही एवढं त्याला सांगून ठेवा.

आता क्रमाचं. तुम्ही म्हणाल, तिथे व्हायरस आहे हे कळलंय तर आजच का पुसू नये? कारण चालू सिस्टीममधून व्हायरस काढताना कधीकधी विंडोजच सुरू व्हायचं थांबतं. अशा वेळी डागाळलेला का होईना, एक रिस्टोर पॉइंट हाताशी असला तर निदान मशीन उठवून पुन्हा साफसफाई सुरू करता येते. तो आधीच उडवला की मागे फिरायला वाटच राहत नाही. शिवाय विंडोज अपडेट आलं, एखादा प्रोग्रॅम टाकला, की विंडोज आपोआप नवीन पॉइंट बनवतं. मशीनमध्ये व्हायरस जिवंत असताना तुम्ही जुने पॉइंट पुसले तर पुढचा जो बनेल तो पुन्हा डागाळलेलाच असणार. मग तुम्ही पुसत बसा आणि ते बनवत बसेल.

तेव्हा सुरुवात अशी करा. दुकान बंद असेल तो दिवस निवडा. इंटरनेटची वायर काढा, बाहेरची हार्डडिस्क काढा, मागच्या डब्याशी नेटवर्कनं जोडलेलं असेल तर तेही तोडा. मग खिशातला फोन काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन दुकानाचा कॉम्प्युटर लॉगआउट करा. ई-मेल आणि बँकेचे पासवर्डही फोनवरूनच बदला, त्या कॉम्प्युटरवरून नाही. तो साफ झाल्याची खात्री होईपर्यंत त्यावर नेट बँकिंग, गिऱ्हाइकांची आधार-पॅनची कागदं, काही नको. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर मात्र बाकी सगळं सोडा आणि लगेच १९३० वर फोन करा. तो सायबर आर्थिक फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे आणि तिथे जितक्या लवकर सांगाल तितकी रक्कम रोखली जायची शक्यता जास्त.

मग अँटीव्हायरसची 'हिस्टरी' उघडा आणि प्रत्येक नोंदीचा रस्ता, म्हणजे फाइल कुठल्या फोल्डरात सापडली ते, वाचा. लोक फक्त लाल अक्षरात व्हायरसचं नाव बघतात आणि घाबरतात. तुम्ही रस्ता बघा. ज्या नोंदीत शॅडो कॉपी किंवा सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन आहे, ती झोपलेली. ज्या नोंदीत 'युजर्स', 'अ‍ॅपडेटा', 'टेम्प', 'डाउनलोड्स', 'प्रोग्रॅम डेटा' असले फोल्डर दिसतात, ती जागी. आपलं भांडण आधी जागीशी आहे. दोन्ही प्रकारच्या नोंदी कागदावर उतरवून घ्या, व्हायरसच्या नावासकट. ते नाव पुढे फॉरमॅटचा निर्णय घेताना लागेल.

नेट थोडा वेळ जोडून अँटीव्हायरस अपडेट करून घ्या, पुन्हा काढा, आणि 'फुल स्कॅन' लावा. 'क्विक स्कॅन'नं इथे भागणार नाही. जे सापडेल ते काढू द्या. मग विंडोज सुरू व्हायच्या आधीचं स्कॅन करा, कारण काही व्हायरस विंडोज चालू असताना स्वतःला लपवतात किंवा आपली फाइल पकडून ठेवतात. तुमच्या अँटीव्हायरसमध्ये 'बूट टाइम स्कॅन' असेल तर तेच वापरा. नसेल तर विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टचं डिफेंडर ऑफलाइन स्कॅन फुकट आहे: सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, तिथे 'स्कॅन ऑप्शन्स'. (दुसरा अँटीव्हायरस असला की डिफेंडर मागे सरकलेला असतो. त्याच पानावर 'पीरिऑडिक स्कॅनिंग' चालू केलं की तो पुन्हा कामाला लागतो.) उघडं काम सेव्ह करा, कारण मशीन लगेच रीस्टार्ट होतं. साधारण पंधरा मिनिटं लागतात. मशीन यूपीएसवर असू द्या आणि मे महिन्यात भरदुपारी हे करू नका. आपल्याकडे त्या वेळी लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि यूपीएसची बॅटरी तर उन्हाळ्यात आधीच मेलेली असते.

दुसरं मत हवं असेल तर केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे. सर्ट-इन ही सरकारची सायबर सुरक्षेची संस्था ते चालवते, २०१७ पासून. तिथे अशी साफसफाईची साधनं फुकट मिळतात. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १४७ व्हायरस' असं ओरडणाऱ्या जाहिरातींतून मात्र काही उतरवू नका. निम्मे लोक पहिला व्हायरस काढायला जातात आणि तिथून दुसरा घेऊन येतात.

स्कॅन झालं की टास्क मॅनेजरमधला 'स्टार्टअप' टॅब बघा. ज्याचं नाव तुम्हाला कळत नाही आणि 'पब्लिशर'चा रकाना रिकामा आहे, ते बंद करा. क्रोममधली एक्स्टेन्शनं बघा. मग दोन-तीन दिवस नेहमीचं काम करून पाहा. या दिवसांत जागी नोंद एकही नवीन आली नाही, फक्त शॅडो कॉपीच्याच तक्रारी चालू राहिल्या, तर चालू सिस्टीम साफ झाली असं धरायला हरकत नाही. नोंदीची तारीख बघायला विसरू नका, कारण जुन्या नोंदी हिस्टरीत तशाच पडून असतात आणि माणूस उगाच दचकतो.

आता 'इडापिडा घेऊन जा गे मारबत' म्हणायची, म्हणजे रिस्टोर पॉइंट पुसायची वेळ. पण मारबत निघायच्या आधी एक गोष्ट तपासा. हल्ली एखादी पत्रिका चुकून दुसऱ्या पत्रिकेवर सेव्ह झाली आहे का? असेल तर त्या फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' बघा. तिथे मिळणारी जुनी प्रत याच शॅडो कॉपीतून येऊ शकते, आणि पॉइंट पुसले की तीही जाते. हवी ती आधी काढून घ्या.

मग स्टार्टमध्ये इंग्रजीत 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' टाइप करा. 'सिस्टीम प्रोटेक्शन'चा टॅब उघडेल. खाली ड्राइव्हची यादी आणि समोर ऑन किंवा ऑफ. सी निवडा, 'कॉन्फिगर' दाबा, उघडलेल्या खिडकीत सगळ्यात खाली 'डिलीट' आहे. ते त्या ड्राइव्हचे सगळे पॉइंट पुसतं. यादीत आणखी एखादा ड्राइव्ह ऑन असेल तर त्याचंही करा. मशीन रीस्टार्ट करा, परत एक फुल स्कॅन लावा. अँटीव्हायरस गप्प बसला की त्याच टॅबवर येऊन 'क्रिएट' दाबा आणि नवीन पॉइंटला तारखेचं नाव द्या. प्रोटेक्शन ऑनच राहू द्या, बंद करून ठेवण्यात काही शहाणपण नाही. कॉन्फिगरमध्ये जागेची पट्टी असते ती थोडी मर्यादेत ठेवा. जागा भरली की सगळ्यात जुना पॉइंट आपोआप जातो.

कॉम्प्युटरवाले बहुतेक वेळा हे काम 'डिस्क क्लीनअप'च्या 'मोअर ऑप्शन्स'मधून करतात. तिथलं बटण शेवटचा एक पॉइंट सोडून बाकीचे पुसतं. तुमच्याकडे नेमका तो शेवटचाच डागाळलेला असू शकतो, म्हणून तो रस्ता तुमच्यासाठी नाही.

रिकव्हरी ड्राइव्हकडे येऊ. ब्रँडेड मशीनमध्ये कंपनी एक भाग राखून ठेवते, त्यात कारखान्यातून आलेलं विंडोज गुंडाळून ठेवलेलं असतं. तो भाग लपलेला असायला हवा, पण काही मशीनमध्ये त्याला डी हे अक्षर मिळालेलं असतं. पेनड्राइव्हवरून येणारे व्हायरस जे जे अक्षर दिसेल त्या ड्राइव्हच्या तोंडाशी आपली प्रत टाकून जातात, सोबत 'ऑटोरन' नावाची फाइल. तुमच्याकडे तसंच झालं असण्याची शक्यता मोठी. अँटीव्हायरसचा रस्ता बघा. फाइल थेट डी च्या मुळाशी असेल तर तेवढीच काढू द्या. आतल्या मोठ्या फाइली आपल्या जागी ठीक असतात. डी ला फॉरमॅट मारलात तर व्हायरस जाईल आणि कंपनीचं विंडोजही जाईल. साफ झाल्यावर 'डिस्क मॅनेजमेंट'मधून त्या भागाचं अक्षर काढून टाका, म्हणजे पुढचा पाहुणा तिथे पोचणार नाही. आतल्या मोठ्या फाइलीतच व्हायरस दाखवत असेल तर त्या रिकव्हरीवर अजिबात विसंबू नका. दुसऱ्या, साफ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज बनवून ठेवा. तसंही कंपनीचं विंडोज मशीन विकत घेतलं त्या दिवसाचं असतं. ते टाकून वर इतक्या वर्षांची अपडेटं चढवण्यापेक्षा हे बरं.

बाहेरच्या हार्डडिस्कवर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण पुसले गेलेले रिस्टोर पॉइंट पुन्हा बनतात, पण तुमच्या पत्रिका पुन्हा बनणार नाहीत.

ती डिस्क साफ झालेल्या मशीनला जोडा आणि काहीही न उघडता तिच्यावर फुल स्कॅन लावा. आता तुमचा बॅकअप कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. फोल्डर नुसते कॉपी करून ठेवले असतील तर सोपं आहे: सापडलेली फाइल जाईल, बाकीच्या राहतील. 'विंडोज इमेज बॅकअप' नावाचा फोल्डर दिसत असेल तर तो अख्ख्या सी ड्राइव्हची प्रतिमा आहे, आणि व्हायरस तिच्या पोटात आहे. अशा प्रतिमेत शिरून एक फाइल उडवायचा मोह टाळा. प्रतिमा बिघडली तर ऐन वेळी ती उतरणारच नाही. आणि ती जशीच्या तशी उतरवणं म्हणजे भाच्यानं केलं तेच, मोठ्या प्रमाणात. तिचा उपयोग एवढाच की तिच्यातून कागदपत्रं बाहेर काढायची. विंडोज १० मध्ये प्रतिमेच्या व्हीएचडीएक्स फाइलवर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते. तिच्यातून कोरल ड्रॉच्या, फोटोशॉपच्या, पीडीएफ, जेपीजी, पेजमेकर आणि वर्डच्या फाइली घ्या. ईएक्सई, बॅट, व्हीबीएस, एससीआर या क्लिक करताच चालणाऱ्या फाइली आणि शॉर्टकट जिथे असतील तिथेच राहू द्या. त्या आधी 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. नाहीतर 'साखरपुडा डॉट जेपीजी' समजून तुम्ही 'साखरपुडा डॉट जेपीजी डॉट ईएक्सई' उचलाल. हे नाव मी गमतीनं दिलं, पण युक्ती हीच असते: आयकॉन फोटोचा आणि पोटात प्रोग्रॅम.

काढलेल्या पत्रिका बर्डीवरून आणलेल्या नव्या हार्डडिस्कवर ठेवा, साफ मशीनची नवीन प्रतिमा बनवा, आणि त्यातल्या चार-दोन फाइली खरंच उघडतात का ते पाहा. त्यानंतरच जुनी प्रतिमा पुसा. तोवर जुन्या डिस्कवर चिठ्ठी चिकटवा, 'व्हायरस आहे, जोडू नये', मराठीत, मोठ्या अक्षरात, म्हणजे घाईच्या दिवशी पोऱ्या ती लावणार नाही.

नवी डिस्क बॅकअप घेतला की काढून ठेवायची. कायम जोडलेली ठेवू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर फिरला, तो फाइलींना कुलूप लावायचाच आणि शॅडो कॉपीही पुसून टाकायचा. त्या जातीचे आजचे व्हायरस पण हाच उद्योग करतात. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला रिस्टोर पॉइंटची खरी गरज वाटेल, त्या दिवशी ते शिल्लक नसतील. आणि असले तरी तुमच्या पत्रिकांसाठी ते बनलेलेच नाहीत. जोडलेल्या बाहेरच्या डिस्कलाही तो व्हायरस सोडत नाही. वायर काढून कपाटात ठेवलेली डिस्कच त्याच्या हाताबाहेर राहते.

मग फॉरमॅट कधी? कागदावर उतरवलेलं व्हायरसचं नाव बघा. त्यात सॅलिटी, वायरट किंवा रॅमनिट असेल तर तुमच्या कॉम्प्युटरवाल्याचं म्हणणं बरोबर आहे. हे तिघं एक फाइल टाकून थांबत नाहीत, ते मशीनमधल्या शेकडो प्रोग्रॅम फाइलींमध्ये स्वतःला चिकटवतात. अँटीव्हायरस त्यांना सोडवायला गेला की निम्मे प्रोग्रॅम मोडतात. अशा वेळी साफ पेनड्राइव्हवरून नवीन विंडोज टाकणंच कमी त्रासाचं. दोन-चार फाइलींचा, सुटा व्हायरस असेल तर फॉरमॅटची गरज नाही.

पण फॉरमॅट मारायचाच ठरला तर त्याला आधी विचारा, सी चाच मारणार की सगळ्याचा? आपल्याकडे प्रत्येक दुकानातल्या कॉम्प्युटरच्या कुठल्यातरी ड्राइव्हवर 'सॉफ्टवेअर' नावाचा फोल्डर असतोच. त्यात प्रिंटरचे ड्रायव्हर, फाँटांचे सेट, विनरार, आणि ऑफिस 'अ‍ॅक्टिव्हेट' करायची ती छोटी फाइल. सी चा फॉरमॅट होतो, संध्याकाळी त्याच फोल्डरातून सगळं परत टाकलं जातं, आणि फॉरमॅट मारूनही व्हायरस आला म्हणून लोक कपाळाला हात लावतात. त्या अ‍ॅक्टिव्हेटरबद्दल माझं मत कडक आहे. जी फाइल चालवण्यासाठी 'आधी अँटीव्हायरस बंद करा' अशी सूचना असते, ती फाइल कोणाच्याही सांगण्यावरून चालवू नये. परवाना घ्यायचा नसेल तर लिबर ऑफिस फुकट आहे, कोर्टाच्या टायपिंगला ते पुरतं. ड्रायव्हर नेहमी प्रिंटर कंपनीच्या साइटवरून नव्यानं उतरवा.

मागच्या डब्याबद्दल थोडक्यात. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० लाच सोडलं. श्रीलिपीसाठी तो ठेवा, पण इंटरनेटची वायर काढून ठेवा. तिथेही स्कॅन करा आणि रिस्टोर पॉइंट पुसताना तोच क्रम ठेवा. त्याच्या आणि काउंटरच्या मशीनमध्ये फाइली नेण्यासाठी एकच पेनड्राइव्ह ठेवा, तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. विंडोज १० चाही मुक्काम संपलाच आहे, १४ ऑक्टोबर २०२५ ला. जादा सुरक्षा अपडेटांसाठी नाव नोंदवलं तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत वेळ निघतो. तेवढ्यात मशीन विंडोज ११ घेतं का ते पाहून घ्या.

राहिला प्रश्न हे आलं कुठून. खात्रीनं तुमच्या अहवालाशिवाय सांगता येणार नाही, पण झेरॉक्सच्या दुकानात पहिला संशय गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवरच जातो. विंडोज ७ पासून पेनड्राइव्ह नुसता लावल्यानं त्यातलं ऑटोरन आपोआप चालत नाही. चालतं ते आपण क्लिक केल्यावर. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डर दिसायच्या ऐवजी त्याच नावाचे शॉर्टकट दिसले, आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण असला, तर त्यावर क्लिक करू नका. 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक करा, खरे फोल्डर बरेचदा फिकट रंगात तिथेच दिसतात. गिऱ्हाइकाला सांगा की फोटो गेले नाहीत, लपलेत. आणि काउंटरवर रोजच्या कामाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं वापरू नका, एक साधं 'स्टँडर्ड' खातं बनवा. चुकून क्लिक झालं तरी व्हायरसला विंडोजच्या मुळाशी हात घालायला पासवर्ड लागेल, आणि तो पासवर्ड पोऱ्याकडे नसेल. भाच्याकडेही नको. सिस्टीम रिस्टोर मारायलाही अ‍ॅडमिनचे हक्क लागतात.

स्कॅनच्या कागदावर ती तीन नावं निघाली किंवा दोन-तीन दिवसांनंतरही जागी नोंद येत राहिली, तर व्हायरसचं पूर्ण नाव आणि रस्ता, जसा दिसतो तसा, लिहून पाठवा. तोवर कॉम्प्युटरवाल्याला थांबवून ठेवा.